भिंतीवरची रेघ

"सर, इथे तर पालक उगवलाय. नुकसान कशाचं दाखवू?" केतन टॅब घेऊन बांधावर उभा होता.

पूरमदतीचे कागदी घोडे नाचवण्यात जयंतरावांची उभी नोकरी गेली होती, पण बुडालेल्या शेतात त्यांनी आजवर पाऊल टाकलं नव्हतं. फेरतपासणीच्या पथकात माणूस कमी पडला म्हणून त्यांना दिल्लीबाहेर या यमुनाकाठच्या गावात धाडलं होतं. घरून निघताना त्यांनी बुटांना पॉलिशही केलं होतं.

"पटवारीने बोला नहीं था, खेत को हाथ मत लगाना?" केतनने शेतकऱ्याला विचारलं.

"बोला था, साहब," हरीश ओशाळून म्हणाला. "पर ज़मीन बत्तर पे आ गई थी. कैसे छोड़ देता?"

बत्तर म्हणजे आपला वाफसा, पेरणीजोगी ओल, हे जयंतरावांनी ओळखलं. दिल्लीत वाढलेल्या केतनला दोन्ही शब्द सारखेच परके होते.

"सर, आजचाच फोटो लागतो. हिरवं दिसलं की केस रिजेक्ट. यार, थोडं थांबला असता तर काय बिघडलं असतं?" मग त्याला सुचलं. "खाली जुनं पीक असेल ना? खोद के दिखाओ."

हरीशने कुदळ आणली. पहिल्याच घावात गाळाखालून दुधीचे काळे, सडलेले वेल वर आले आणि उग्र वास सुटला. फोटोसाठी खड्डा आणखी रुंद हवा होता. हरीश पालकाच्या रोपांपाशी आला आणि त्याचा हात थबकला. मग त्याने पुन्हा कुदळ उचलली.

"रुको," जयंतराव म्हणाले. आपल्याच आवाजाचं त्यांना नवल वाटलं. "पानी कहाँ तक आया था?"

हरीशने पाण्याच्या मोटारीच्या खोलीकडे बोट केलं. विटांच्या भिंतीवर गाळाची आडवी रेघ होती. जयंतराव बांधावरून जपून तिथवर गेले. त्यांनी हात वर केला, मग टाचाही उचलल्या, तरी रेघ वरच राहिली. एवढं पाणी इथे उभं होतं, आणि त्याच्या तळाशी आता पालक उगवला होता.

ते भिंतीला पाठ लावून, हात उंचावून उभे राहिले. "घे फोटो. रेघ आणि शेत दोन्ही येऊ दे."

"सर, फोटोत माणूस नको असतो."

"मग पाणी किती होतं ते वरच्यांना कळणार कसं? बिल्कुल घे. विचारलं तर माझं नाव सांग."

संध्याकाळी दिल्लीत, सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये त्यांच्या पत्नी हेमलताबाई बुटांवरचा चिखल पाहून कपाळाला हात लावत होत्या, तेव्हा केतनचा मेसेज आला. जयंतरावांनी तो दोनदा वाचला. फोटो पास झाला होता, हरीशला मदत मिळणार होती.

"अच्छा, म्हणजे झालं काम," हेमलताबाई म्हणाल्या. "पण पाणी होतं तरी किती?"

जयंतराव उठले. त्यांनी हात वर केला, तो पुरेना. मग स्टूल ओढून ते त्यावर चढले आणि भिंतीवर बोट टेकवलं.

"इथवर."

हेमलताबाईंनी बोटाकडे पाहिलं आणि मग खोलीभर नजर फिरवली. फ्रिज, देव्हारा, मुलीच्या लग्नाचा फोटो, सगळं त्या बोटाच्या खाली होतं.

"उतरा आता," त्या हळूच म्हणाल्या आणि स्टूल धरून उभ्या राहिल्या.