जालिंदरचं वर्षभराचं बघणं

गहिनीनाथ सर आम्हाला चित्रकला शिकवायचे. एकदा ते कसल्याशा शिबिराला गेले आणि सिनेमा शिकून आले. आमच्या शिरूर कासारच्या बाजूला माणसं शिबिराला गेली की गांडूळखत शिकून येतात, त्यामुळे अख्खी नववी खूश झाली.

सरांनी फळ्यावर चौकट काढली. "आधी चेहरा दाखवायचा, मग वस्तू. चेहरा त्या वस्तूकडंच बघतोय, हे बघणारा आपलं आपण ठरवतो. आपण फक्त गप बसायचं."

गप बसायचं म्हटल्यावर विषय आपल्याला जमेल असं वाटलं.

आमच्या वर्गाच्या एका वर्षाचा सिनेमा ठरला. हिरो जालिंदर, कारण त्याचे डोळे मोठे होते आणि तो माझ्या बाकावर बसायचा. पण पहिला शॉट घ्यायच्या आतच मुकादमाचा निरोप आला. ट्रक उद्या सकाळी. आईबापाबरोबर जालिंदरही ऊसतोडीला.

"मला काढून टाकताव का बे?" त्यानं विचारलं.

"आजून घातलंच न्हाई, काढायचं काय?"

तो हसला नाही. उसाच्या फडात जाणं त्याला नवीन नव्हतं. या वेळी फक्त त्याला वर्गातून वजा व्हायचं नव्हतं.

सरांनी मोबाईल काढला. "ट्रक उद्या आहे ना? मग वर्षाचे चेहरे आजच घेऊ."

शाळेच्या भिंतीला पाठ लावून जालिंदरनं दुपारभरात वर्ष काढलं.

"सव्वीस जानेवारी. झेंडा वर चाललाय," सर म्हणाले. त्यानं वर बघितलं.

"टँकर आला. टँकर गेला. चारा छावणीत म्हैस आजारी पडली."

"कुनाची म्हस, सर?"

"ते जानेवारीत ठरवू."

शेवटी सर म्हणाले, "आता काहीच नाही. नुसता बघ." तो आमच्याकडं बघत राहिला. ऊन उतरलं तरी मोबाईल खाली घ्यायचं कुणाला सुचलं नाही.

सकाळी ट्रक गेला. भांडी, ताडपत्री, शेळी आणि सगळ्यात वर जालिंदर.

मग आम्ही त्यानं बघून ठेवलेल्या वस्तू शोधत हिंडलो. टँकर मिळाला. आजारी म्हैस मिळेना. छावणीचा चारा खाऊन म्हशी आमच्यापेक्षा ठणठणीत होत्या. शेवटी एका झोपलेल्या म्हशीवर भागवलं.

कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, माणसं परतली. सिनेमा गावच्या दूध सोसायटीत दाखवला. दुष्काळानं तिथं दूध येणं बंद झालं होतं, त्यामुळे पांढरी भिंत मोकळीच होती. आंबूस वास मात्र अजून हजेरी लावून होता. तसा वास आला की मला आजही सिनेमा सुरू होईल असं वाटतं.

हेडमास्तरांनी समीक्षा केली. "हा मुलगा वर्षभर एकाच शर्टात कसा?"

"सर, दुष्काळ व्हता," मी म्हणालो. "धुवायला पानी न्हवतं."

"वास्तववादी आहे," हेडमास्तर म्हणाले.

जालिंदरची आई मंजुळाबाई पुढं बसली होती. भिंतीवर जालिंदरनं वर बघितलं, झेंडा फडकला. ती मागं वळली.

"तू झेंड्याला हितं व्हतास?"

"व्हतो की."

"मंग फडात माझ्याबरूबर उसाच्या मोळ्या कोन बांधत व्हतं?"

जालिंदर बोलला नाही. सरही बोलले नाहीत. नियमच तसा होता.

शेवटी तो नुसता बघणारा चेहरा आला आणि त्याच्यामागं आमचा बाक. एका टोकाला मी, बाजूची जागा मोकळी. भिंत परत पांढरी झाली तरी मंजुळाबाई तिकडंच बघत होती.

पुढच्या हंगामाला ट्रक आला. भांडी चढली, शेळी चढली. जालिंदर चढायला लागला, तशी मंजुळाबाईनं त्याची पिशवी खाली टाकली.

"मावशीकडं ऱ्हा."

"कावून?" त्याच्या बापानं वरून विचारलं. "मोळ्या कोन बांधंल?"

"मागल्या साली ज्यानं बांधल्या त्यो बांधंल," ती चाकावर पाय देत म्हणाली. "ह्यो तर हितंच व्हता. म्या बघितलंय."