आठ तासांची बंडी

"मावशी, हात वर करा जरा," ताणबाई म्हणाली. मावशीने हात निम्म्यापर्यंत नेला आणि तिथेच धरला.

कारखान्याच्या धुण्याच्या खोलीत दोघीच होत्या. मावशी पॅकिंग खात्यातली. पहाटेच्या पाळीपासून आठ तास तिने नव्या कापडाची घट्ट बंडी घालून खोकी उचलली होती. दिवसभर उभ्याने राबणाऱ्या बायकांच्या पाठीला आधार म्हणून हे कापड काढलेलं. ते किती ताणतं, किती टिकतं ते यंत्र सांगायचं. आराम मात्र कुणाच्या तरी अंगावरच बघावा लागायचा.

बंडी वर सरकली तसा वास आला. घामाचा, तापलेल्या स्पॅन्डेक्सचा, म्हणजे रबरासारख्या ताणाच्या सुताचा, आणि त्याखालून आणखी एक आंबूस वास. काखेखाली कापड कातडीला चिकटलं होतं. ताणबाईने ते बोटाने सोडवलं तर बोटाला पिवळं पाणी लागलं. नळाखाली बोट धरून तिने साबण लावला, परत लावला. मावशी बघत होती.

"किळस येणारच गं. माझी मलाच येते. ही बंडी घालायचा तिसरा दिवस आहे."

गेल्या दोन दिवसांच्या तक्त्यात आरामाला पाचपैकी पाच गुण होते. ताणबाईने कारण विचारलं, तेव्हा मावशीने खाली बघत सांगितलं की मागच्या खेपेला 'खाजतं' म्हणणाऱ्या पोरीला साहेबांनी रंगखात्यात धाडलं.

"मला दमा. त्या वाफेत मी महिना नाही काढायची. तू पाचच लिही, बाई."

अकरा वर्षं ताणबाई प्रयोगशाळेत कापडाची दोन टोकं चिमट्यात धरून ओढत आली होती. नवऱ्यालाही असंच ओढतेस का, म्हणून पॅकिंगच्या बायका तिला छेडायच्या. नावही त्यांनीच पाडलेलं. आधीचं कापड चार धुण्यांत सैल पडायचं. तिनेच हट्टाने शंभरातले स्पॅन्डेक्सचे पंधरा भाग अठ्ठावीस केले. मग कापड कसं, ताणावं तितकं लांब जायचं आणि सोडलं की वासरू गाईकडे धावावं तसं जागेवर यायचं. त्या दिवशी ती घरी गुणगुणत गेली होती.

तेच वासरू मावशीच्या बरगड्यांना दात लावून बसलं होतं. ताणबाईला आता बोटाची किळस राहिली नाही. त्या गुणगुणण्याची आली.

तिने कात्री घेतली.

"अगं, तीन वाजता कापड घेणारे पाहुणे यायचेत. साहेब हीच दाखवणार धुऊन. हळूहळू काढ की."

"हळू काढली तर सालटं निघेल, मावशी. हलू नका."

काठापासून काखेपर्यंत तिने बंडी कापली. कापड फटकन मागे सरलं. मावशीने किती वेळ तरी नुसता श्वास घेतला. कमरेपासून वर लाल वळ उठले होते, मध्ये मध्ये फोड. ताणबाईने ओला रुमाल त्यांवर टेकवत टेकवत नेला. मग मावशीला सुती सदरा घालून मागच्या दाराने घरी पाठवलं.

साहेब आले ते घाईतच. कापलेली, डागाळलेली बंडी बघून, बायकांची कातडीच नाजूक, घामाला आपण काय करणार, असं बोलत त्यांनी तक्ता ओढून घेतला आणि थांबले. आरामापुढे शून्य होतं. खाली लिहिलं होतं: ताणाच्या सुताचं प्रमाण मी वाढवलं, ते चुकलं. त्याखाली ताणबाईची सही.

"तक्रार कुणाची?"

"कुणाची नाही. माझं कापड, मीच नापास केलंय."

आता पाहुण्यांना दाखवायचं काय, असं पुटपुटत साहेबांनी पेन्सिलीच्या टोकाने बंडी उचलली आणि दुसऱ्या हाताने नाक दाबलं. ताणबाईने ती पेन्सिलीवरून काढून घेतली. टेबल मोकळं केलं. दोन्ही तळव्यांनी बंडी त्यावर नीट पसरली, आतली ओली बाजू वर करून.

बाहेर गाडीचं दार लागलं. ती कडेची सुरकुती सरळ करत राहिली.