मागच्या बायकांचं गाणं

माझा मामा जुन्या सोफ्यांना आणि खुर्च्यांना नवं कापड चढवून द्यायचा. घरामागच्या गल्लीत एका गॅरेजात त्याचं वर्कशॉप होतं. आत शिरलं की फोमचा आणि गोंदाचा वास, भिंतीशी पोट उसवून ठेवलेले सोफे, बाहेर डोकावणाऱ्या स्प्रिंगा, आणि या सगळ्या पसाऱ्यावर कुठल्यातरी जुन्या रेकॉर्डमधलं ऑर्गन. मामाला सोल संगीताचं वेड होतं. गिऱ्हाईक आलं की तो आधी त्याला खुर्चीत बसवायचा, कापडाचे नमुने हातात द्यायचा आणि म्हणायचा, "रंग निवडायची घाई नाही. एवढं एक गाणं संपू दे."

मी बेकरीची व्हॅन चालवते. पहाटे पाव पोचवले की दुपारी मोकळी. जेवण झालं की मामाकडे जाऊन बसायचं, हे माझं कॉलेज सुटल्यापासूनचं व्यसन.

"सोल म्हणजे काय सांगू का?" तोंडातल्या पिना काढून तो म्हणायचा. "गळा तयार झाला प्रार्थनेच्या घरात. मग तो गळा बाहेर पडला, प्रेमात पडला, चांगला पोळून निघाला. आता देवाला मारायची हाक तो माणसाला मारतो. बास, इतकंच."

गाजलेल्या गाण्यांना नाकं मुरडणारे लोक त्याला अजिबात खपत नसत. "इतकी माणसं रडली त्या गाण्यावर, ती काय सगळी बावळट होती?" असं म्हणून तो ते शंभरदा ऐकलेलं गाणं पुन्हा लावायचा आणि पुन्हा डोळे पुसायचा. पण न गाजलेल्या गाण्यांबद्दल बोलताना मात्र त्याचा आवाज खाली यायचा, शेजारच्या खोलीत बाळ झोपलेलं असावं तसा. कुणी बाई लाँड्रीत कपडे इस्त्री करायची, एका सुट्टीच्या दिवशी जाऊन दोन गाणी गायली, आणि परत इस्त्रीला लागली. कुणाची कंपनीच बुडाली. कुणाचं अप्रतिम गाणं रेकॉर्डच्या मागच्या बाजूला गेलं आणि कुणी ती बाजू उलटलीच नाही.

"आता ऐक हं," तो माझं मनगट धरायचा. "इथे ड्रमवाला अडखळला. ऐकलंस? कुणी दुरुस्त केलं नाही. का नाही केलं? पुढची ओळ ऐक म्हणजे कळेल." आणि पुढच्या ओळीत ती बाई असं काही गायची की माझ्या हातातला चहा तसाच राहायचा. खरंच, ती ओळ परत तशी आली नसती.

मामा स्वतः गायचा, पण मुख्य गाणं कधीच नाही. मागे साथ देणाऱ्या बायका असतात ना, गाणारा एक ओळ म्हणतो आणि त्या तिला उत्तर देतात, तेवढंच तो गायचा. सगळ्या गाण्यांतली उत्तरं त्याला पाठ.

मामी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. स्पष्ट दिसणं आणि स्पष्ट बोलणं, दोन्ही तिच्या धंद्यात आणि स्वभावात होतं. ती म्हणायची, "लग्नाआधी वाटलं, नवरा गातो. लग्नानंतर कळलं, नुसता ऊ-ऊ करतो."

एक दिवस सकाळी मामा एका आरामखुर्चीच्या पाठीला कापड ताणत होता. डबा द्यायला गेलेल्या मामीने बघितलं तर त्याचा उजवा हात लोंबत होता आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. तिने एक क्षणही घालवला नाही. शेजारच्या टायरवाल्याच्या गाडीत घालून तिने त्याला हॉस्पिटलात नेलं. मेंदूत गुठळी झाली होती. वेळेवर आणलंत म्हणून वाचले, असं डॉक्टर म्हणाले. त्या टायरवाल्याचे आणि डॉक्टरांचे उपकार आमच्यावर आहेतच. आम्ही ते अजून विसरलेलो नाही.

हात हळूहळू हलायला लागला. पाय तर लवकरच ठीक झाला. पण बोलणं गेलं. त्याला सगळं समजत होतं, चेष्टासुद्धा कळत होती. तोंडातून मात्र एकच शब्द यायचा, "ते." पाणी हवं असलं तरी ते, खिडकी लावायची असली तरी ते. आम्ही चुकीची वस्तू पुढे केली की तो "ते, ते, ते" म्हणत लालबुंद व्हायचा आणि मग भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

वाचा-उपचार करणाऱ्या एक बाई घरी यायला लागल्या. शांत, चिकाटीच्या. त्या चित्रांची कार्डं दाखवायच्या. कप. किल्ली. मांजर. मामा कार्डाकडे बघायचा, ओठ हलवायचा आणि घामेजून जायचा. एकदा त्याने मांजर पलंगाखाली भिरकावलं. बाईंनी ते शांतपणे उचललं आणि म्हणाल्या, "उद्या कुत्रा आणते."

मी गॅरेजातून रेकॉर्ड आणून लावू का विचारलं, तर त्याने मान हलवली. नाही. जोरात नाही. मला फार लागलं ते. बोलणं गेल्यावर त्याच्याकडे तेवढंच तर उरलं होतं, आणि तेही त्याला नको होतं.

मी हे त्या बाईंच्या कानावर घातलं. त्या एकदम पुढे सरकल्या. "गाणी? मग आधी सांगायचं नाही का! बोलणं मेंदूत एकीकडे असतं, गाणं बरंचसं दुसरीकडे. बोलता न येणारी कितीतरी माणसं गाऊ शकतात. घेऊन या."

मी आणि मामी गॅरेजात गेलो. अर्धं कापड चढवलेली ती आरामखुर्ची तशीच होती. रेकॉर्ड प्लेयरवर त्या सकाळची रेकॉर्डही तशीच. 'तुझी खुर्ची' नावाचं गाणं, एका विसरलेल्या गायिकेचं, अर्थातच रेकॉर्डच्या मागच्या बाजूचं. मामाच्या लाडक्या गाण्यांतलं. आम्ही प्लेयर आणि रेकॉर्ड व्हॅनमध्ये घालून घरी आणली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ती लावली. मामा आधी भिंतीकडेच बघत होता. मग ऑर्गन सुरू झालं आणि त्याची मान वळली. गायिका गाऊ लागली:

दमून आलास, बूट काढ...

"म्हणा माझ्याबरोबर," बाई म्हणाल्या. मामाने तोंड उघडलं. काही नाही. पुन्हा सुई मागे. पुन्हा काही नाही. बराच वेळ हे चाललं. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईसुद्धा जरा हिरमुसल्या.

इतक्यात मामी स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी बाहेर आली. तिचा पारा चढला होता.

"अहो बाई, हा माणूस जन्मात कधी पुढचं गाणं गायलाय का? हा मागच्या बायकांचं गातो! बंद करा ती रेकॉर्ड. ती काही त्याच्यासाठी थांबणार नाहीये."

आणि मामी गायला लागली. मामीचा आणि सुरांचा काही संबंध नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य आहे, मामीलासुद्धा. तिने मामाच्या समोर उभं राहून, त्याच्या डोळ्यांत बघत, शाळेत हजेरी घेतात तशा आवाजात म्हटलं:

"दमून आलास, बूट काढ..."

आणि थांबली. मामाचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

"ब... बस ना."

अगदी सुरात. मागच्या बायका म्हणतात तसंच, शेवटचा सूर किंचित वर उचललेला.

मामी मटकन खाली जमिनीवर बसली. मी तोंडावर हात ठेवला. मामा आमच्याकडे असा बघत होता, जणू खोलीत पाचवंच कोणीतरी बोललं.

"थांबू नका," बाई कुजबुजल्या.

मामीने जमिनीवरूनच पुढची ओळ घेतली, रडत रडत, आणखीच बेसूर. "सगळं जग तुला उभं ठेवतं..."

"बस ना, बस ना."

"मी काही विचारणार नाही..."

"बस ना."

त्या दिवसापासून आमचं घर म्हणजे रेकॉर्डिंगची खोली झाली. उत्तरं असलेली सगळी गाणी मी गॅरेजातून आणली. मामी ओळ फेकायची, मामा उत्तर द्यायचा. 'हो ना', 'परत ये', 'खरं सांग', 'जाऊ दे', 'नको नको'. सोलवाल्यांचे किती उपकार मानावेत! त्यांच्या मागच्या बायका रोजच्या संसाराला लागणारं जवळजवळ सगळंच गाऊन गेल्यात. मीठ कमी झालं तर मामा 'अजून थोडं' हे एका गाजलेल्या गाण्याच्या चालीवर मागायचा, आणि आम्हाला मीठ देताना ठेका धरावा लागायचा. हळूहळू बाईंनी चाल काढून घेतली आणि शब्द राहू दिले. गाण्यातले शब्द बोलण्यात उतरले. मग त्यांना धरून दुसरे आले.

वर्ष उलटता उलटता मामा पुन्हा गॅरेजात जाऊ लागला. बोलणं अजून सावकाश होतं, नावं अडकायची, पण आरामखुर्ची त्याने पुरी केली. ती द्यायला गिऱ्हाईकाकडे जाऊन आलो त्या दुपारी तो मला म्हणाला, "त्या... बायका. कोण?"

रेकॉर्डच्या लेबलवर फक्त गायिकेचं नाव होतं, आणि ती कधीच वारली होती. साथ देणाऱ्या तिघींची नावं कुठेच नव्हती. मामाला त्यांचे आभार मानायचे होते. हे मामीने मनावर घेतलं, आणि मामीने एखादी गोष्ट मनावर घेतली की ती व्हायचीच. जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्या लोकांना तिने फोन केले, एका रेडिओवाल्याला तर इतके केले की तो बिचारा तिचा आवाज ओळखायला लागला. अखेर त्यानेच एक नंबर दिला. त्या तिघींपैकी एक. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली.

आम्ही फोन स्पीकरवर ठेवला. मामीने सगळं सांगितलं. पलीकडे एक घोगरा, खेळकर आवाज होता.

"बाई, तुम्ही इतकं सांगताय, पण मला हे गाणं आठवतच नाहीये. आम्ही दुपारी जायचो, समोर ठेवतील ते गायचो आणि स्वयंपाकाच्या वेळेला घरी. रेकॉर्ड कोण देतंय आम्हाला?"

"म्हणजे तुम्ही हे कधी ऐकलंच नाही?" मी विचारलं.

"कुठून ऐकणार?"

मामाने सुई टेकवली आणि फोन प्लेयरच्या स्पीकरजवळ धरला. गाणं पूर्ण वाजलं. मग ती म्हणाली, आणि आता आवाज खेळकर नव्हता, "मधला आवाज माझ्या बहिणीचा आहे. तिला जाऊन इतकी वर्षं झाली. माझ्याकडे तिचे फोटो आहेत. आवाज नव्हता."

मामी डोळे पुसू लागली. मामाने फोन दोन्ही हातांत घेतला. तो आठवडाभर एक वाक्य घोटत होता, आम्ही त्याला मधे बोलून मदत करायची नाही असं बजावलेलं होतं.

"तुम्ही तिघींनी," मामा म्हणाला आणि अडकला. ती थांबली. आम्हीही थांबलो. "तुम्ही तिघींनी... मला बोलायला... शिकवलं. थँक्यू."

"अरे माझ्या राजा," ती म्हणाली.

त्या रेकॉर्डची मामाकडे एकच प्रत होती. तशी दुसरी मिळणं जवळजवळ अशक्य, हे त्यानेच मला हजारदा सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने ती फोमच्या दोन तुकड्यांत ठेवली, वरून गोणपाट घातलं आणि डाव्या हाताने कडेकडेने शिवून टाकली, अशी की हत्तीने पाय दिला तरी काही होऊ नये.

"नक्की ना, मामा?" मी विचारलं.

"तिची आहे," तो म्हणाला. हे दोन शब्द त्याला जरासुद्धा अडले नाहीत.

पार्सल पोचल्यावर तिचा फोन आला. नातवंडांना बसवून तिने ते गाणं ऐकवलं होतं, आणि सगळ्यात धाकटीला मधला आवाज आवडला होता. मग ती म्हणाली, "आणि हो, आमची तिसरी अजून धडधाकट आहे. तिचा नंबर देते. पण ती भयंकर बोलते हं, वेळ काढून बसा."

मामी कागद-पेन शोधायला धावली. मामाने हसत हसत फोनजवळ खुर्ची ओढून घेतली.