अव्वाच्या पोत्यावरून

कळस दिसल्याशिवाय भवानी करायची नाही, हा पार्वतम्माचा नेम. देवळासमोरच्या कोपऱ्यावर पोतं अंथरायचं, बसल्या जागेवरून कळसाला हात जोडायचे, मगच पहिला गजरा विकायचा. आता पंचांनी मधल्या मोकळ्या जागेत सभामंडप बांधायचं काढलं होतं. त्यामागं कळस झाकला जाणार, ही तिची धास्ती. पंचांचे म्होरके रुद्रप्पा मात्र रंगीत चित्र दाखवून म्हणत, "कळस दिसतो की!" चित्र घारीनं आभाळातून पाहावं तसं काढलेलं. घारीला गजरे थोडेच विकायचे होते!

पार्वतम्माला अव्वा म्हणणारी तिची लेक शांतम्मा पुण्यात एका संस्थेत कॉम्प्युटरवर काम करायची. १९७६ साल, सोलापुरात कॉम्प्युटर ही पेपरात वाचायची गोष्ट. तिनं देवळाची, मंडपाची मापं नेऊन प्रोग्रॅम लिहिला. डोळा कुठं आहे आणि नजर कुठं लागली आहे, हे कार्डांना भोकं पाडून सांगितलं, की यंत्र तिथून दिसेल तसं चित्र पेनानं रेखून देई.

चित्र घेऊन ती ऐटीत पंचांच्या बैठकीला गेली आणि तोंडघशी पडली. चित्रात मंडपाच्या वर कळस चांगला दिसत होता.

"तुझं यंत्र आमच्याच बाजूचं हाय की गं!" रुद्रप्पा हसले. सगळेच हसले.

रडवेली होऊन ती अव्वाशेजारी पोत्यावर बसली, सवयीनं फुलं ओवू लागली. सहज मान वर केली आणि सुई थांबली. इथून कळसाचं नुसतं टोक देवळाच्या कमानीवर दिसत होतं. ती उभी राहिली, कळस वर आला. बसली, पुन्हा बुडाला.

"अव्वा, मी तुला उभं केलं गं!" नकाशेवाले डोळा उभ्या माणसाच्या उंचीला धरतात, म्हणून तिनंही धरला होता. आणि अव्वा तर जन्मभर बसूनच!

पुढच्या रविवारी ती तीन चित्रं घेऊन आली. बैठकीला गेलीच नाही, रुद्रप्पांनाच कोपऱ्यावर बोलावलं. "काका, पोत्यावर बसा."

"मी? हितं?"

"बसा की वो," पार्वतम्मा म्हणाली.

धोतर सावरत रुद्रप्पा बसले. पहिलं चित्र आजच्या देवळाचं होतं. त्यांनी ते डोळ्यांपुढं धरलं, बाजूला केलं, पुन्हा धरलं. कमान, भिंत, कळसाचं टोक, रेघ न् रेघ जुळत होती. त्यांचं हसू मावळलं. दुसऱ्या चित्रात मंडप होता, कळस नव्हता.

"आन् तिसरं?"

तिसऱ्यात मंडप डावीकडं सरकला होता. कळस दिसत होता.

रुद्रप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले. "मंडप सरकंल. पन पोरी, माज्या माडीवरनं कसा दिसंल, तेबी काड की!"

मंडप उभा राहिला. उद्घाटनाच्या सकाळी फुलांना ही झुंबड! पार्वतम्मानं सगळ्या गिऱ्हाइकांना थोपवलं, पोत्यावर मांडी घातली आणि मान वर केली. मंडपाच्या कडेला कळस उन्हात झळकत होता, चित्रात होता अगदी तिथंच. तिनं हात जोडले.

"आता घ्या," ती म्हणाली. "पन पयला गजरा हिचा."

आणि लेकीला हाताला धरून खाली बसवत तिनं तो तिच्या केसांत माळला.