रत्नाकरची चेष्टा

रत्नाकरच्या संशोधनाचा विषय कळला की चहाला बोलावणारी माणसंही घड्याळाकडे बघू लागत. उत्तर प्रदेशातल्या पूर्वांचलात गरिबी जास्त, तरी नोंदवलेल्या आत्महत्या महाराष्ट्रापेक्षा कमी, असं का? हा प्रश्न घेऊन तो साताऱ्याहून बनारसला आला, मंगला गौरी मंदिराजवळ बिंदुमाधवशास्त्र्यांकडे खोली घेऊन राहिला आणि पाठोपाठ त्याची शिष्यवृत्तीच अडकली. घरी सांगायची सोय नव्हती. जेवण नकोसं झालं. त्या आकड्यांत आपलीही एक भर टाकावी, असं हल्ली त्याच्या मनात येऊन जाई. हे मात्र त्यानं कुणाला कळू दिलं नव्हतं.

एका दुपारी तो बहिणीला, इंदूला, फोनवर सांगत होता, "अगं, आज सेमिनारमध्ये मी आत्महत्येची चेष्टा केली. जमलीच नाही."

कुणी हसलं नाही, हे पुढचं वाक्य ऐकायला दाराबाहेर शास्त्र्यांच्या पत्नी शरदिनीकाकू थांबल्याच नाहीत. शास्त्र्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या काशीत. घरात मराठी, पण निम्मे शब्द हिंदीतले. आणि हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न.

मग काय, सगळं घर कामाला लागलं. शास्त्रीबुवांनी आधी त्याच्या दाराची कडी काढली. मुलगी हिमानी कचौडी घेऊन आली आणि ताट साफ होईपर्यंत समोरून हलली नाही. तिचा भाऊ शार्दूल यानं रत्नाकरचा दंड धरून त्याला भोसले घाटावर फिरवून आणलं. "भैया, तुम्ही दीवारच्या साइडनं चला," असं तो सारखा बजावत होता. खोली खाली करून घ्यायची ही इथली सभ्य रीत असावी, असं रत्नाकरला वाटलं.

संध्याकाळी काकूंनीच विषय काढला. "रत्नाकर, पुन्हा चेष्टा नाही करायची. वचन दे."

"एवढी वाईट होती का?"

"चांगली कुठली असते रे?"

"अहो काकू, एका विनोदाचं किती मनावर घ्याल?"

"विनोद?" शास्त्रीबुवांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ते पोट धरधरून हसले. "अगं, ह्याची चेष्टा मराठी होती!"

ती संधी साधून रत्नाकरनं आपला प्रश्न पुढे सरकवला. इथं आत्महत्या कमी का?

"कागदावर कमी," शास्त्रीबुवा म्हणाले. "घरचे पोटदुखी सांगून मोकळे होतात."

"आणि एकटं कुणाला बसू देतो आपण?" काकू म्हणाल्या.

शास्त्रीबुवा कडी परत बसवायला स्क्रू ड्रायव्हर घेऊन दाराशी गेले.

"काका, कडी राहू द्या," रत्नाकर म्हणाला. "दुपारची चेष्टा मराठीच होती. हिंदीतली केली नाही अजून, पण रोज मनात येते."

काकू त्याच्याजवळ सरकून बसल्या. त्यांना भीती वाटत होती आणि त्यांनी ती लपवली नाही.

"उद्या डॉक्टरकडे जायचं, मी संग येते," त्या म्हणाल्या. "इंदूला आत्ता फोन लाव. माझ्यासमोर."

रत्नाकरला रडू फुटलं. रडता रडताच त्यानं नंबर लावला. शास्त्रीबुवांनी स्क्रू परत खिशात टाकले.