रिकामी चौकट

नर्सिंगला प्रवेश नाकारल्याचं पत्र येऊन आठवडा झाला होता, आणि आठवडाभर कांचन त्या कॉलेजच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. पुणे विद्यापीठाची बीएस्सी, बासष्ट टक्के, फर्स्ट क्लास! अठ्ठ्याण्णव साली वर्गातल्या सत्तर जणांत नऊच जणांना मिळाला होता. वडिलांनी आळीभर पेढे वाटले होते. ह्या लोकांना बासष्ट म्हणजे काठावर पास वाटलं असणार. गाढवाला गुळाची चव काय!

जिवाला लागलं होतं ते वेगळंच. पदवीधरांसाठीचा दोन वर्षांचा कोर्स पंधरा वर्षांपेक्षा जुनी पदवी धरत नसे. तिच्या पदवीला यंदा, २०१३ मध्ये, बरोबर पंधरा झाली. पुढच्या वर्षी तिची रद्दी होणार. न्यूझीलंडमधल्या अल्बनीच्या रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, ती सहा वर्षं म्हाताऱ्यांना आंघोळी घालत होती, घास भरवत होती. कुणाचा श्वास बिघडला तर ते तिला नर्सच्या आधी कळायचं, पण औषधांच्या ट्रॉलीला हात लावायची तिला मुभा नव्हती. ती सहा वर्षं कोणी हिशेबात धरली नव्हती.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिने कॉलेजला फोन लावला. भांडायच्या तयारीनेच लावला. प्रवेशाचं काम बघणारी बाई मात्र गोड निघाली.

"पुण्याचा फर्स्ट क्लास ना? आमच्या तक्त्यात त्याचे नऊपैकी सहा गुण होतात. यंदा प्रवेश पाच पूर्णांक आठला थांबला."

"मग मला का नाही मिळाला?"

"फॉर्मवर गुणांच्या चौकटीत तुम्ही स्वतःच पाच पूर्णांक सहा लिहिलंय. परदेशी मार्क असतील तर ती चौकट रिकामी ठेवा, असं फॉर्मवर छापलंय. खाली तुमची सही आहे."

"अहो, मग आता दुरुस्त करा ना!"

"आय ॲम सो सॉरी. सगळ्या जागा भरल्या."

कांचनने फोन ठेवला. आठवडाभर शिव्या घातल्या त्या कॉलेजला तिच्या फर्स्ट क्लासची किंमत कळत होती. कळली नव्हती ती घरातच.

घरात फॉर्म भरायचं खातं तिच्या नवऱ्याकडे, जगदीशकडे. त्याच्या वडिलांनी बत्तीस वर्षं तहसील कचेरीत काढली होती. रिकाम्या जागेत कोणीही काहीही घुसडतं, ही त्यांची शिकवण लेकाने न्यूझीलंडपर्यंत आणली होती. शंभराला बासष्ट तर नऊला किती? त्याने त्रैराशिक मांडून आकडा ठोकून दिला होता. ती शेजारीच लसूण सोलत बसली होती. न बघता सही तिनेच केली होती, आणि त्यामुळे राग दुप्पट येत होता.

संध्याकाळी जगदीश माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसातून आला. त्याला बूटही काढू न देता तिने सगळं सांगितलं. त्याने शांतपणे फोनवरचा कॅल्क्युलेटर उघडला.

"बासष्ट गुणिले नऊ, भागिले शंभर. पाच पॉइंट पाच आठ. अगं, गणित तर बरोबर आहे!"

"बरोबरच आहे रे! त्या बरोबर गणितानेच माझी सीट घालवली! आता अठरा वर्षांच्या पोरांबरोबर पहिल्यापासून तीन वर्षं काढायची मी. छत्तिसाव्या वर्षी!"

जगदीशचा चेहरा उतरला. तो खरंच हळहळला. रात्रीचा स्वयंपाकही त्यानेच केला.

शनिवारी ती तीन वर्षांच्या कोर्सचा फॉर्म घेऊन टेबलाशी बसली. तीच चौकट ह्याही फॉर्मवर होती. तिने ती सोडली आणि पुढे गेली. समोर बसलेल्या जगदीशची नजर तिथेच अडकून राहिली. त्याने दोनदा घसा खाकरला.

"एक आडवी रेघ तरी मार गं," तो शेवटी म्हणाला. "नुसती रेघ."

कांचनने पेन उचललं, फॉर्म उचलला, गाडीची किल्ली घेतली. बाहेर जाऊन ती गाडीत बसली, दारं आतून लॉक केली आणि मग सही केली.