मार्का

"हात आत घे. मढ्यागत पडून ऱ्हा," लिंबाजी म्हणाला आणि ओलं बारदान त्यानं मुंजाजीच्या अंगाभोवती ओढलं.

"माज्या तोंडाला फडकं बांध आधी," मुंजाजी म्हणाला. "धूर काय इचारून येतो का?"

सेलूचा आठवडी बाजार होता, म्हणून कापसाची सरकी काढणारं जिनिंग बंद. माडीवर दोघंच होते. मुंजाजी एके काळी हमालांचा म्होरक्या. बहात्तरच्या दुष्काळाआधी गठाणी दाबणाऱ्या प्रेसमध्ये त्याचे दोन्ही पाय मांडीपासून गेले. मालकानं मग दया दाखवली आणि त्याला बारदान शिवायला बसवलं, तेही माडीवर. खालची जागा मालाला लागत होती. पाय नसलेल्या माणसाला वर ठेवायचं आणि माल खाली, असा तिथला न्याय होता.

हमाल लिंबाजी रोज त्याला पाठीवर घेऊन लाकडी जिना चढायचा आणि संध्याकाळी उतरवायचा. मधल्या वेळात आग लागली तर काय, ही काळजी एकट्या मुंजाजीला. त्यानंच तोड काढली होती. बोंब उठली की जिन्याच्या दारालगतचा कोपरा गाठायचा, बादलीतलं ओलं बारदान गुंडाळून घ्यायचं, तोंड बांधायचं. लिंबाजीनं डोळे मिटून यायचं, बारदानात हमालीचा लोखंडी आकडा अडकवायचा, पाठीवर मारायचं आणि मागं न बघता उतरायचं. दर बाजाराला दोघं हे करून बघत.

बन्सीधर मुकादम जिन्यात येऊन उभा राहिला. "वरात कुठं निघाली?"

"मुकादम, या कोपऱ्यात माल ठेवू नगा," मुंजाजी बारदानातून म्हणाला. "दुसरं काय मागत न्हाई."

"कोपरा काय तुज्या नावावर हाय? आन् काल शिवलेल्या गाठोड्यावर मार्का आत गेला. मालकाचं नाव भाईर दिसलं पायजे. नीट शिव, न्हाईतर घरी बस."

त्यानंतर चार दिवसांनी, भर दुपारी, कापसातून आलेला खडा यंत्रात अडकला, ठिणगी उडाली आणि खाली रुईचा ढीग पेटला. खाली काम करणाऱ्या बायका दाराकडे धावल्या. दार अर्धंच उघडं होतं, कारण मुकादम एकेकीची झडती घेऊन बाहेर सोडायचा. त्या एकमेकींना तुडवत, ओरबाडत निघाल्या. एकीचा हात दारात चेंगरून मोडला.

लिंबाजी उलट आत शिरला. जिन्यात धूर कोंडला होता. त्यानं डोळे मिटले, कोपरा चाचपला, बारदान हाताला लागलं. आकडा अडकवून त्यानं ओझं पाठीवर मारलं. पाय गेल्यापासून मुंजाजी एवढाच भरायचा. मागं न बघता तो अंगणात आला आणि ओझं हळूच टेकवलं.

"मुंजा. ए मुंजा."

"शाब्बास," बन्सीधर म्हणाला. "आजून चार हायेत तितं. काढ."

लिंबाजीनं आकड्यानं शिवण फाडली. आतून पांढरी रुई बाहेर आली. सकाळीच मुकादमानं कोपऱ्यात गाठोडी रचून ठेवली होती.

लिंबाजीनं आकड्याची मूठ बन्सीधरच्या तोंडावर हाणली. दात तुटले. मुकादम रक्त थुंकत खाली बसला, तरी लिंबाजीनं आणखी दोनदा मारलं. खाली सरकी झाडणारी लिंबाजीची बायको भिवराबाई त्याला मिठी मारून ओरडत होती, "जाऊ नगा, जिना पेटलाय." तिला ढकलून तो आत गेला.

मुंजाजी गाठोड्यांच्या मागं होता. बारदानात गुंडाळलेला, तोंड बांधलेला, हात आत. ठरवल्याप्रमाणं सगळं केलं होतं त्यानं. लिंबाजीचे पाय अगदी शेजारून गेलेले त्याला कळले होते, पण फडक्यातून हाक फुटली नव्हती. लिंबाजीनं त्याला उचललं. जिना कोसळला तसा तो खिडकीकडे वळला, लाथेनं गज वाकवले आणि अंगणातल्या कापसाच्या ढिगावर मुंजाजीला फेकून दिलं. पाठोपाठ छपराचे तापलेले पत्रे लिंबाजीवर कोसळले.

लिंबाजीचं मढं संध्याकाळी बाहेर काढलं. अंगाला हात लावला की कातडी हाताला येत होती. कफनाच्या पांढऱ्या कापडाआधी ते बारदानात शिवावं लागणार होतं.

मुंजाजीचे तळहात भाजून सोलवटले होते. "दाभण आन् सुतळी द्या," तो म्हणाला. "दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई."

कुणीतरी नवं बारदान आणून पसरलं. नेहमीसारखं, मालकाच्या नावाचा काळा मार्का बाहेर येईल असं. मुंजाजी हातांवर सरकत पुढं आला. त्यानं ते उचललं आणि उलटं केलं.

"मार्का आत गेला की," कुणीतरी म्हणालं.

"माल न्हाई त्यो," मुंजाजी म्हणाला.

भिवराबाईनं कडा धरून ठेवली आणि तो शिवू लागला. प्रत्येक टाक्याला सुतळी लाल होत होती.